अक्काचा डावा गाल

६ फेब्रुवारी १९६१, सोमवार. सकाळी दहा वाजून वीस मिनिटे.

स्टुडिओत, डेस्कसमोर. डोक्यावर काळे फडके, हातात पेन्सिल, समोर अक्काची काच, तिच्या फोटोची निगेटिव्ह. शनिवारी मालकांनी स्वतः तिचा फोटो काढला. पुढचे काम माझे.

काचेवर सगळे उलटे असते. काळे ते पांढरे, पांढरे ते काळे. चेहऱ्यावर जिथे खळगा, तिथे काच उजळ. त्या उजळ ठिपक्यात सुईसारख्या टोकाने शिसे भरायचे, म्हणजे कागदावर खळगा बुजतो. डाव्या गालावर सतरा, कपाळावर चार, हनुवटीवर दोन. अक्काला सातव्या वर्षी देवी आल्या तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. म्हणजे तिचा दुसरा चेहरा मला आठवतच नाही. आणि आजपर्यंत कधी मोजले नव्हते.

पावणेएकला संपले. मध्ये एकदाच उठलो, पाणी प्यायला.

मालक अनंतय्या मागून डोकावले. "काय रे नारायणा, देवाच्या कामात स्वल्प दुरुस्ती? कर, कर. तो बिल पाठवत नाही, आपण पाठवतो." हा त्यांचा रोजचा विनोद. मग काच खिडकीकडे धरून म्हणाले, "हात बसला तुझा." दोन वर्षांत पहिल्यांदा.

के. आर. पुरमच्या स्थळाला फोटो द्यायचा आहे. मुलगा रेल्वेत कारकून, माणसे मूळ बेळगावकडची. आधीची दोन स्थळे फोटो न मागता आली, उप्पीट खाऊन गेली, निरोप नाही. अक्काला चोवीस पूर्ण.

८ फेब्रुवारी, बुधवार

फोटो घरी नेला. अप्पांनी शिलाईचे यंत्र थांबवले, चष्मा पुसला. अम्मा म्हणाली, "लक्ष्मी आहे रे माझी." अक्का शर्टाला काजे करत होती. सुई कापडात तशीच टोचून ठेवली, फोटो घेऊन दारापाशी उजेडात गेली. बराच वेळ उभी.

"तम्मा," धाकट्या भावाला ती हीच हाक मारते, "मी अशी दिसते?"

घरात कुणालाही रिटचिंग माहीत नाही. 'नारायण फोटो धुतो' एवढेच सगळ्यांना माहीत. तेव्हाच सांगायला हवे होते. तोंडातून गेले, "कॅमेऱ्याला खोटं येत नाही अक्का. असतं तेच येतं."

अम्मा: "मग! आपला आरसाच मेला जुना. पारा गेलाय त्याचा."

अक्का हसली. हसताना डाव्या बाजूने पदर घेते, तो घेतला नाही.

११ फेब्रुवारी, शनिवार

केम्पेगौडा रस्त्यावर नव्या सिनेमाचा बोर्ड चढवत होते. नायकाची छाती दोन माणसांएवढी. खाली उभे राहून बघणाऱ्यांत मीही होतो. घरी येऊन अप्पांच्या टेपने मोजली: साडेतीस इंच. श्वास भरून साडेएकतीस. मागच्या महिन्यापासून शर्टाखाली दोन बनियने घालतो. उन्हाळा आला, घाम येतो, तरी एकाने खांदे उतरलेले दिसतात.

अम्माला दोन बनियने धुताना कळले असणार.

१५ फेब्रुवारी, बुधवार

पुरमवाल्यांचे पत्र आले. अक्षर मुलाच्या वडिलांचे, वळणदार. "मुलगी फोटोवरून सर्वांस पसंत आहे. रविवार ता. २६ रोजी रीतीपुरते येऊन जाऊ." अप्पांनी दोनदा वाचून घेतले, मग तिसऱ्यांदा स्वतः वाचले.

अक्काने काजांच्या पैशांतून चिकपेटेत नवा आरसा आणला. मी स्टुडिओत होतो, अम्मा बरोबर गेली.

२० फेब्रुवारी, सोमवार

आरसा शुक्रवारी बदलून आणला. अक्का म्हणाली काचेत लाट आहे. आज दुसराही परत. मला बरोबर घेऊन गेली. दुकानदार म्हातारा, कानडी. त्याने आरसा पुसून स्वतःचे तोंड पाहिले, मग माझे त्यात दाखवले. "लाट कुठे आहे? सांगा." अक्का म्हणाली, "आहे. गालापाशी." त्याने तिच्याकडे नीट बघितले आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, दोष आरशात असता तर मी दहा वेळा बदलून दिला असता."

तिने आरसा परत पदराखाली घेतला. वाटेत म्हणाली, "उजेडच बरा नाही आपल्या घरात." मी म्हणालो, "हो."

खरे सांगायची दुसरी संधी. तीही गेली. रविवारपर्यंत सांगितले तर स्थळ मोडेल, नाही सांगितले तर कदाचित ते प्रत्यक्ष बघूनही पत्करतील. माणसे चांगली वाटतात. अक्षर चांगले आहे.

२६ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी सात.

झाले ते जसेच्या तसे लिहितो.

चार वाजता आले. मुलगा, आईवडील, मामा. अक्का उप्पीट घेऊन आली. मुलाच्या आईने मायेने म्हटले, "ही थोरली होय? बस की बाळ. धाकटीला बोलवा."

अप्पा म्हणाले, "धाकटी नाही. हीच एक."

मुलाने खिशातून रुमाल काढला. रुमालात फोटो घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्याला लावून ठेवला होता. आईने तो हातात घेऊन अक्काच्या तोंडाशेजारी धरला. अक्काच्या दोन्ही हातांत ताट होते, पदर घेता येईना.

मामा म्हणाले, "पावणं, दुकानात एक कापड दावून दुसरंच शिवत असशीला. लग्नात न्हाई चालत ते."

अप्पा उठले. यंत्रावरची कात्री आणली, तिच्यावर हात ठेवला. "तीस वर्षं हिच्यावर पोट आहे माझं. फोटो हिचाच आहे." आवाज फुटला. मुलाचे वडील म्हणाले, "शपथा कशाला घालताय? डोळं हाईत की आमाला."

मी दाराशी होतो. 'पेन्सिल मी लावली.' तीन शब्द. निघाले नाहीत. मालकांची आठवण आली, नोकरीची आली, अप्पा सगळ्यांसमोर मला काय म्हणतील ते आले. अक्काची आठवण आली नाही. ती समोर उभी होती आणि तिची आली नाही.

उप्पीटाला हात न लावता उठले. निघताना मुलाने आईच्या हातून फोटो घेतला, रुमालात गुंडाळला, वरच्या खिशात ठेवला. माझ्याशिवाय कुणी पाहिले नाही.

२८ फेब्रुवारी, मंगळवार. स्टुडिओला सुट्टी.

अक्का भांडी घासत होती. मान वर न करता, "फोटो परत दिला का त्यांनी?"

"नाही."

"मुलानं नेला?"

"हो."

एक पातेले धुऊन पालथे घातले. "म्हणजे तिला नेलं."

२ मार्च, गुरुवार

अप्पांना गिऱ्हाइकाने विचारले, "काय हो, दुसऱ्याच मुलीचा फोटो पाठवलात म्हणे?" के. आर. पुरम एवढे लांब, पण बोलणे पोचले. अप्पा जेवताना मला म्हणाले, "तुमच्या मशीनमध्ये बिघाड असेल का रे? मालकांना विचार. लोकांना लेखी देतील का?"

विचारतो म्हणालो. भात ताटातच चिवडत राहिलो. अम्मा म्हणाली, "याला काय झालंय? आधीच काडी."

८ मार्च, बुधवार

डबा घरी विसरलो. तीनच्या सुमारास अक्का घेऊन आली. मालक बँकेत. मी फडक्याखाली होतो, कळलेच नाही. एका नवरीची काच होती, नाकाखालची लव काढत होतो. किती वेळ मागे उभी होती ते माहीत नाही.

"हे काय करतोस?"

सांगितले. काचेवर मेडियमचे तेल कसे चोळायचे, पेन्सिल कशी घासायची, शिसे कुठे भरायचे. नेहमीपेक्षा जास्त सांगितले. हळू बोललो तर ती पुढचे विचारील, म्हणून भराभर बोलत राहिलो.

"ही मुलगी सांगून गेली का, लव काढा म्हणून?"

"नाही. सांगावं लागत नाही. बाकी सगळे एवढंच म्हणतात, स्वल्प बिळी माडी. थोडं गोरं करा."

"मी म्हटलं होतं?"

"नाही."

"हिला किती वेळ लागतो?"

"वीस मिनिटं."

"मला?"

मी पेन्सिलचे टोक घासत राहिलो.

"तम्मा, मला किती?"

"अडीच तास."

तिने डबा टेबलावर ठेवला, झाकण नीट बसले आहे का पाहिले. "मला वाटायचं," ती म्हणाली, "बाहेरच्यांना दिसतं. घरात कुणाला दिसत नाही. अम्माला नाही, अप्पांना नाही. तुला तर नाहीच." तिने काळ्या फडक्याकडे पाहिले. "तुला एक एक दिसत होतं."

मी म्हणालो, डेस्कवर बसल्यावरच दिसले, खरेच, त्याआधी कधी नाही. हे खरे आहे. पण ते ऐकायला कसे लागते ते म्हटल्यावर कळले.

डबा तसाच परत आणला.

११ मार्च, शनिवार

अप्पांना सांगितले. कापड बेतत होते. खडूची रेघ पुरी करूनच मान वर केली. मला वाटले मारतील. म्हणाले, "मी कात्रीवर हात ठेवला होता."

"हो अप्पा."

"तू दाराशी होतास."

"हो."

मग कापायला लागले. त्या कात्रीने नाही, दुसऱ्या जुन्या कात्रीने.

अम्मा स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर येऊन अप्पांवरच चिडली. "पोरानं बहिणीसाठी केलं. काय वाईट केलं? सगळे करतात म्हणे. आपणच कोरे का जायचं?" आणि मला, "देवीनं बोट लावलंय तिच्या तोंडाला. ते पुसायला नको होतं, एवढंच."

२१ मार्च, मंगळवार

अक्का दारापाशी बसून काजे करायची. आता आतल्या खोलीत बसते, दिवा लावून. नळावर अम्मा जाते. बाहेर पडायचे तर डोक्यावरून पदर, डावीकडून दातांत धरलेला.

तोंडाला लावायच्या स्नोची बाटली आली. मग गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात मासिकातून कापलेली सापडली, टपालाने मागवतात ती. लिंबाची साल आणि कसली तरी पूड घासते. गाल लाल झाला आहे, दोन ठिकाणी सोलवटला आहे. अम्माने वैद्याचे तूप लावले.

स्टुडिओत गिऱ्हाइकांना बसण्याची तऱ्हा निवडायला सिनेमाची जुनी मासिके ठेवतात. तिने मागितली म्हणून तीन आणली. एका पानावर नटीचा मोठा चेहरा. वाटले, खरे सांगितले तर बरे वाटेल. "हिलासुद्धा पेन्सिल लावलीय. ही बघ गळ्याची रेघ, इथं लावणाऱ्याचा हात दिसतो. एकसुद्धा चेहरा असा नसतो अक्का."

ती बघत राहिली. "हिला लावणारा हिच्या घरचा नसेल," म्हणाली.

मासिके परत नेली नाहीत. उशाला आहेत.

४ एप्रिल, मंगळवार

सुट्टी, तरी डोळ्यांना सुट्टी नाही. बाजारात भाजीवाली म्हणाली, किती देऊ, आणि मी तिच्या डोळ्यांखाली कुठून सुरुवात करायची ते बघत होतो. बसमध्ये, देवळात, हेच. अम्मा झोपलेली होती, तिच्या कपाळावरही. पेन्सिल न लागणारा एखादा चेहरा दिसला तर लिहून ठेवायचे ठरवले होते. एकही लिहिलेला नाही.

मालकांना सांगितले की जमत नाही, मला बाहेरच्या कामावर घाला. ते म्हणाले, "नारायणा, डॉक्टरला रोग दिसतो म्हणून तो दवाखाना बंद करतो का?" मग जरा मऊ आवाजात, "माझ्या बायकोचा फोटो मी तीस वर्षांत एकदाच काढला. काच फोडून टाकली. सुम्ने, गुपचूप काम कर. पगार मिळतो ना?"

का फोडली ते विचारायचे धैर्य झाले नाही.

१६ एप्रिल, रविवार

स्थळ आले. अप्पांच्या ओळखीतून. जयनगरला नवे घर बांधले आहे, शाळामास्तर, वय चौतीस, बायको तीन वर्षांपूर्वी वारली, मूल नाही. माणूस सभ्य. निरोप असा: आधी फोटो पाठवा, मनास आल्यासच येऊ, उगाच मुलीला दाखवायला उभे करणे मला बरे वाटत नाही.

अप्पांना हे वाक्य फार आवडले. मलाही. रात्री अंथरुणावर मात्र वाटले, म्हणजे या वेळी सगळे त्या कागदावरच.

अप्पा: "जसा आहे तसा फोटो काढायचा. एक रेघ नको."

अम्मा: "स्वल्प तरी कर रे. सगळं नको. गालावरचे मोठे तेवढे. माणूस दारात आला तर तिचं बोलणं ऐकेल, हातचं खाईल. दारातच आला नाही तर?"

दोघेही बरोबर आहेत असे वाटते. हेच मला कुठे ठेवता येत नाही.

अक्का शेवटी म्हणाली, "दोन्ही काढ. मी बघून सांगते."

त्या मासिकांच्या दिवसानंतर माझ्याशी बोललेले पहिले पूर्ण वाक्य.

२२ एप्रिल, शनिवार

अक्का स्टुडिओत आली. गालावरचे सोलवटलेले भरले आहे, डाग काळसर. मालकांनी दिवे लावताना विचारले, "डावी बाजू सावलीत घेऊ का बाई? पेन्सिल कमी लागेल." ती म्हणाली, "समोरून घ्या." हनुवटी वर करा म्हटल्यावर केली. हसा म्हटल्यावर हसली नाही. मालकांनी दुसऱ्यांदा सांगितले नाही.

दुपारी काच धुतली. आधी कोरी छापली. मग मेडियम चोळले आणि बसलो. या वेळी मोजले नाहीत. सव्वा तासात संपले. मागच्या वेळी शिकाऊ होतो.

२४ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी सहा.

अप्पांनी लिफाफ्यावर जयनगरचा पत्ता लिहून ठेवला. "उद्या सकाळी टपालात पडू दे. कुठला घालायचा ते तिला विचार." आणि कपडे पोचवायला गेले. जाताना दोन्हींपैकी एकाकडेही पाहिले नाही.

अक्काने दोन्ही फोटो यंत्राच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवले. पेन्सिलचा उचलला, ठेवला. कोरा उचलला.

"तम्मा, समज तुला स्थळ आलं. हा फोटो आला." कोरा माझ्यापुढे सरकवला. "मुलीचा भाऊ कोण, घर काय, काही माहीत नाही. एवढाच कागद. काय सांगशील अप्पांना?"

'हो' म्हणायचे होते. तेच ठरवले होते, तिने विचारण्याआधीच ठरवले होते. पण फोटो पुढे आला म्हणून आधी बघितला. नजर कपाळावर गेली, तिथून गालावर, वरून खाली, डेस्कवर जाते तशी. अर्ध्यावर आल्यावर लक्षात आले की ती फोटोकडे नाही, माझ्या डोळ्यांकडे बघते आहे.

"हो म्हणेन," म्हणालो.

"सरी. ठीक," ती म्हणाली.

रागावली नाही. दोन्ही फोटो पालथे घातले आणि काजे करायला बसली. पाठीमागून दोन्ही सारखेच दिसतात. अम्मा दोनदा डोकावून गेली. "ठरलं का ग?" अक्का म्हणाली, "बघू." तिसऱ्यांदा अम्माने विचारले तेव्हा अक्काने दात लावून दोरा तोडला.

'हो' म्हणायला मी किती वेळ घेतला ते मोजले नाही. श्वासभर असेल. जास्तही असेल.

लिफाफा उघडा आहे. डिंकाची बाटली शेजारी आणून ठेवली.

खर्च:
काच एक — रु. १.२५
छापे दोन, एक कोरा, एक पेन्सिलचा — रु. १.००
लिफाफा — १५ नवे पैसे
एकूण रु. २.४०
दिले: लिफाफ्याचे १५ नवे पैसे.
मालकांना देणे: रु. २.२५, पगारातून. रिटचिंगचे त्यांनी लावले नाही.